पाण्याचं मानक सक्तीचं झालं तर गावाला किती पडेल? आधी कुठला रकाना ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्यानं विचारलंय. गाव ४२० घरांचं, वस्ती दोन हजाराच्या आसपास, पाणी एकाच विहिरीचं, रिपोर्टला नायट्रेट ६२ आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ११०० (दोन्ही लिटरला मिलिग्रॅम). तालुक्याला चर्चा निघाली की पिण्याच्या पाण्याचं मानक, म्हणजे आयएस १०५००, उद्या गावोगावच्या नळयोजनांना कायद्यानं सक्तीचं केलं तर काय, आणि गावानं आपलं म्हणणं लिहून ठेवावं. सरपंच म्हणतात ४० लाखाचा खड्डा पडेल. आरओवाला, म्हणजे पाण्यातले क्षार काढायचं मशीन विकणारा, म्हणतो ८ लाखात करून देतो. आणि एक मास्तर म्हणतात आरोग्याच्या प्रश्नात पैसे काय मोजता. तर "दादा, आर्थिक परिणाम काढायचा म्हणजे नेमकं काय काढायचं?"

भाऊ, मी २२ वर्षं पाणीपुरवठ्याची एस्टिमेटं करतोय, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत. एस्टिमेट म्हणजे पाईप किती, टाकी केवढी, पंप किती एचपीचा. तुम्ही जे विचारताय ते एस्टिमेट नाही, आणि हाच घोळ सगळे करतात. मीही केलाय, तो खाली सांगतोच. तुमचा खरा प्रश्न "मशीन केवढ्याला" हा नाहीच. हा नियम आला तर काय होईल आणि नाही आला तर काय होईल, या दोन्हींतला फरक किती आणि तो कोणाच्या खिशातून जाणार, हा तुमचा प्रश्न आहे. आज आणि उद्या यांची तुलना करू नका. उद्या नियमासह आणि उद्या नियमाविना, अशी करा. कारण नियम नाही आला तरी तुमच्या गावात जारचं पाणी वाढणारच आहे, पंप जळणारच आहे, टाकीची डागडुजी होणारच आहे. तो खर्च नियमाच्या नावावर टाकला की आकडा फुगतो, मग तालुक्याला कोणी तुमचा कागद वाचत नाही.

आता पहिली गोष्ट, जी आकडेमोडीच्याही आधी येते. आयएस १०५०० ची २०१२ ची प्रत उघडा, त्यात प्रत्येक घटकापुढं दोन रकाने आहेत. एक स्वीकारार्ह मर्यादा, आणि दुसरी दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा. टीडीएसला पहिल्यात ५०० आहे, दुसऱ्यात २०००. कठीणपणाला २०० आणि ६००. फ्लोराईडला १ आणि १.५. नायट्रेटला मात्र ४५, आणि दुसऱ्या रकान्यात सरळ लिहिलंय, शिथिलता नाही. म्हणजे तुमचा टीडीएस ११०० हा पहिल्या रकान्यानं नापास आणि दुसऱ्यानं पास, आणि नायट्रेट ६२ हे दोन्हीकडं नापास. आज हे मानक गावच्या नळाला ऐच्छिक आहे, जलजीवन मिशनमध्ये ते कसोटी म्हणून धरतात पण नापास झालात म्हणून दंड नाही. उद्या सक्ती करताना मसुद्यात कुठला रकाना धरलाय त्यावर तुमचा खर्च वर्षाला एक लाख की पंधरा लाख हे ठरतं. अख्ख्या हिशोबात एवढा मोठा फरक दुसरा कशानंच पडत नाही, आणि बैठकीत हेच कोणी विचारत नाही.

दुसरं, पाणी मोजणार कुठं? विहिरीवर, टाकीत, की घरातल्या तोटीला? आपल्याकडं उन्हाळ्यात कित्येक गावांना आठ-आठ दहा-दहा दिवसांनी नळ येतो. पाईप रिकामा असतो तेव्हा गळतीतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, म्हणून टाकीत पास झालेलं पाणी तोटीला नापास होऊ शकतं. आणि तोटीला क्लोरीन सापडलं तरी घरात दहा दिवस ड्रममध्ये ठेवल्यावर त्यातलं काय उरणार? नियम "तोटीला" म्हणत असेल तर खर्चात पाईपलाईनची दुरुस्ती येते, कदाचित रोजचा पुरवठाही येतो. "स्रोताला" म्हणत असेल तर फक्त विहिरीचं बघायचं. आणि एक गंमत बघा, चौकात आरओचं एटीएम बसवलं तरी "तोटीला ४५ च्या आत" या नियमात तुम्ही नापासच राहाल, कारण तोटीला तर तेच विहिरीचं पाणी येणार. आरओवाला हे सांगणार नाही, त्याच्या धंद्याच्या आड येतं ते.

आता हिशोब. हे आकडे मी समजण्यापुरते धरतोय, तुमच्या गावाचे दर घालून परत करा.

माणशी ५५ लिटर धरलं तर दोन हजार लोकांना रोज १ लाख १० हजार लिटर लागतं. त्यातलं पिण्या-स्वयंपाकाला माणशी १० लिटर, म्हणजे २० हजार लिटर. नियम पिण्याचं पाणी वेगळं द्यायला परवानगी देत असेल तर आरओ फक्त या २० हजाराला लागेल. मशीन ८ लाखाचं असेलही, पण शेड, दोन टाक्या, विजेचं कनेक्शन, पाण्याची जोडणी धरून मी १२ लाखाच्या खाली येत नाही. हे १२ लाख एका वर्षाचे नाहीत म्हणून ते वर्षांवर पसरायचे. दहा वर्षं आयुष्य आणि ८ टक्के व्याज धरलं तर दर लाखाला वर्षाचे साधारण १४,९०० येतात, म्हणजे १२ लाखाचे १ लाख ७९ हजार. त्यावर चालवायचा खर्च. ऑपरेटर महिना ८ हजार, म्हणजे ९६ हजार. वीज दर हजार लिटरला दोन युनिट आणि युनिटला ७ रुपये धरले तर साधारण १ लाख २ हजार. मेम्ब्रेन (आरओतली गाळणारी पडदी), फिल्टरच्या कॅन्डल, केमिकल ६० हजार. तपासणी २० हजार. सगळं मिळून ४ लाख ५७ हजार, ४२० घरांनी भागलं तर घरटी वर्षाला १,०९० च्या आसपास, महिन्याला ९१ रुपये.

ऐकायला वाईट नाही. पण आरओ जेवढं पाणी देतो साधारण तेवढंच फेकतो. २० हजार प्यायला, २० हजार नाल्याला. त्या फेकलेल्या पाण्यात नायट्रेट ११०-११५ आणि टीडीएस दोन हजाराच्या वर, आणि तुमचा नाला विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर तेच झिरपून परत विहिरीत. शिवाय विहिरीनं आता १ लाख १० हजाराऐवजी १ लाख ३० हजार द्यायचंय. एप्रिल-मे मध्ये देईल का? नाही दिलं तर टँकर, आणि तो टँकरही या नियमाच्या खात्यात येतो.

आता दुसरा रस्ता, मिसळणी. समजा गावाच्या दुसऱ्या अंगाला एखादी विहीर आहे, खतं कमी पडणाऱ्या शेतातली किंवा नाल्याच्या कडेची, आणि तिचं नायट्रेट २० आहे. ६२ आणि २० अर्धं-अर्धं मिसळलं की ४१ येतं. पास. सगळ्या पाण्याला पास, तोटीलाही पास, फेकायचं काही नाही. विहिरीचा करार, पंप आणि सव्वा किलोमीटर पाईप मिळून ६ लाख धरा, पाईपाचं आयुष्य २५ वर्षं, म्हणजे वर्षाचे ५६ हजार. वीज आणि तपासणी ५० हजार. घरटी वर्षाला अडीचशे रुपये, महिन्याला २१. त्याच नियमाला, त्याच गावाला, ९१ चे २१ झाले. म्हणून नियमाचा खर्च म्हणताना पास व्हायचा सगळ्यात स्वस्त आणि टिकेल असा रस्ता कुठला, त्याचाच खर्च धरायचा. कोणी तिसराच महागडा रस्ता धरला तर तो त्याचा शौक, नियमाचा खर्च नव्हे. हां, एवढं लक्षात ठेवा की ब्लीचिंगनं नायट्रेट जात नाही, आणि उकळलं तर पाणी आटून उलट वाढतं. वाळूच्या फिल्टरनंही जात नाही. आरओ, आयन एक्स्चेंज, मिसळणी, नाहीतर स्रोतच बदलायचा.

आणि सरपंचांचे ४० लाख? ते खोटे नाहीत, ते पहिल्या रकान्याचे आहेत. सगळ्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत आणायचा म्हटलं तर बरंचसं पाणी आरओतून काढावं लागेल, मग भांडवल तेवढं जातंच आणि विजेचं बिल मीटरकडं बघवत नाही. आरओवाल्याचे ८ लाखही खोटे नाहीत, ते फक्त मशीनचे आहेत. दोघंही खरं बोलतायत, दोन वेगळ्या प्रश्नांना.

आता माझी चूक सांगतो. पारोळ्याच्या बाजूला एका गावाला मी असाच एक प्लँट मांडून दिला होता. कागदावर सगळं चोख होतं, पण विजेचं बिल मी जुन्या पाणीपट्टीतून भागेल असं एका ओळीत उडवून लावलं. पाणीपट्टीची वसुली निम्मीपण नव्हती, आणि मी विचारलंच नाही. चौदा महिन्यांनी गेलो तर शटरला कुलूप, कुलपाला गंज, पायरीवर शेळी बांधलेली. बिल थकलं म्हणून कनेक्शन कापलं, प्लँट बंद राहिला, आतले मेम्ब्रेन सुकून कडक झाले. मेम्ब्रेन एकदा सुकला की तो गेलाच समजा. बिल भरायला लोक तयार झाले तोवर मेम्ब्रेनचा नवा खर्च उभा होता, मग परत सगळे गप्प. शेजारी एक आजी उभ्या होत्या, त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "भाऊ, ते मशीन आते चालू व्हई का?" मी काय बोलणार. तेव्हापासून मी वसुलीचं रजिस्टर बघितल्याशिवाय चालू खर्चाचा आकडा लिहीत नाही. वसुली हा खर्च नव्हे हे बरोबर, पण प्लँट दहा वर्षं चालेल की चौदा महिने, ते वसुलीवर ठरतं, आणि मग ते १४,९०० चं गणित कोसळतं.

फायद्याकडं येऊ, इथं लोक जास्त फेकतात. मास्तरांचं म्हणणं मनाला पटतं पण कागदावर ते चालत नाही, कारण पैसे मोजले नाहीत तर तेच पैसे दुसरीकडं जास्त आजार वाचवू शकले असते का, हे कळतच नाही.

नायट्रेटचा ठळक धोका म्हणजे सहा महिन्यांच्या आतलं बाळ, ज्याला बाहेरचं दूध पाण्यात कालवून पाजतात. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. धोका गंभीर आहे यात वाद नाही. पण दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला बाळं जन्मतात तीसेक, त्यातली बहुतेक अंगावर पिणारी. मग तुम्ही "वर्षाला इतकी बाळं वाचतील" असा आकडा कुठून आणणार? नाहीच येणार. तिथं स्पष्ट लिहा की हा फायदा पैशात मांडता आला नाही, आणि गावात वरच्या दुधावरची बाळं किती ते आशाताईंना विचारून लिहा. मांडता आलं नाही म्हणजे शून्य नव्हे. पण मांडता आलं नाही म्हणून वाटेल तेवढंही नव्हे.

पैशात मांडता येतील असे फायदे गावातच पडलेले असतात, फक्त कोणी बघत नाही. सकाळी जारवाला छोटा हत्ती घेऊन येतो ना? त्याच्यामागं फिरा एक दिवस. समजा १५० घरं रोज १० रुपयांचा एक जार घेतात, वर्षातले ३०० दिवस. साडेचार लाख झाले! वरच्या आरओच्या वर्षाच्या खर्चाएवढे पैसे गाव आजच देतंय, कोणत्याही नियमाविना. पण लगेच सगळे साडेचार लाख फायद्यात टाकू नका. नळाचं पाणी सुधारलं तरी निम्मे लोक जार सोडणार नाहीत, थंड मिळतं म्हणून, सवय म्हणून, ग्रामपंचायतीवर विश्वास नाही म्हणून. निम्मं धरा, सव्वादोन लाख. आणि त्यातही जारवाल्याचा नफा जो बुडेल तो गावाच्या दृष्टीनं या खिशातून त्या खिशात, ती बचत नव्हे. त्याचं डिझेल, वीज, माणूस वाचले ती खरी बचत. हे बारीक वाटेल पण तालुक्याला एखादा हुशार इंजिनिअर बसला असेल तर तो इथंच बोट ठेवतो.

आणखी एक. शिरपूरकडच्या एका वाड्यात मी नमुना घ्यायला गेलो होतो. बाई चुलीपुढं, कुकरची शिट्टी सातवी की आठवी. म्हणाली, "भाऊ, ह्या पानीमा डाय शिजत नही, गॅस सरी जास." कठीण पाण्यात डाळ शिजत नाही हे आपल्याकडं कोणाला सांगायला नको, कॅल्शियममुळं डाळ लवकर मऊ पडत नाही. पण गॅसचा तो जादा खर्च मी त्याआधी एकाही कागदात बघितला नव्हता. सिलेंडर दोन महिन्यांऐवजी पन्नास दिवस जातो का, हे दहा घरांत विचारा, आकडा मिळतो. फक्त लक्षात घ्या, हा फायदा कठीणपणा कमी झाला तरच मिळणार. मिसळणीनं नायट्रेट ४१ वर आलं आणि कठीणपणा तसाच राहिला तर गॅसचा फायदा शून्य. आरओचं पाणी बाई डाळीला वापरेल तर थोडा मिळेल. म्हणजे स्वस्त रस्त्याला फायदाही कमी आणि महागड्याला जास्त, दोन्ही बाजू एकत्रच बदलतात.

जुलाब-उलटीचं मात्र वेगळं ठेवा, आणि हे मी जोर देऊन सांगतो. पावसाळ्यात लागण होते ती जंतूंमुळं, नायट्रेटमुळं नव्हे. आणि जंतूंवरचा इलाज क्लोरीन आहे. ३३ टक्के क्लोरीनची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला ५ ग्रॅम धरली तर तुमच्या १ लाख १० हजार लिटरला दिवसाला साडेपाचशे ग्रॅम, वर्षाला दोनशे किलो. किलोला ४० रुपये धरा, आठ हजार. घरटी वर्षाला एकोणीस रुपये! आणि एक माणूस जो रोज टाकीवर चढेल, ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ती तपासणी, करेल आणि वहीत खरं लिहील. (पोत्यात ओल लागून दगड झालेली टीसीएल टाकून "टाकली" म्हणणारे मी रग्गड बघितलेत. तिच्यातला क्लोरीन कधीच उडून गेलेला असतो.) फायदा मात्र मोठा, सलाईन, इंजेक्शन, दवाखान्याचं भाडं, कापूस वेचणीच्या दिवसात बुडालेली मजुरी. उपकेंद्राचं रजिस्टर आणि मेडिकलवाला, दोघांकडून हा आकडा निघतो.

आता कोणी काय करतं, तर सगळा नियम एकत्र बांधतं. क्लोरीनचा मोठा फायदा आणि टीडीएसचा मोठा खर्च एका बेरजेत टाकला की एकूण फायदा जास्त दिसतो, आणि टीडीएसचं कलम त्या आडोशानं पास होऊन जातं. उलटंही होतं, टीडीएसच्या खर्चाच्या बोंबेत क्लोरीनचं स्वस्त कलमही विरोधात बुडतं. म्हणून प्रत्येक कलमाचा हिशोब सुटा करा. क्लोरीन वेगळं, नायट्रेट वेगळं, टीडीएस वेगळं, तपासणी वेगळी. तुमच्या गावाचं उत्तर मला तर असं दिसतंय की क्लोरीनला डोळे झाकून हो, नायट्रेटला हो पण मिसळणीला मुदत द्या, आणि टीडीएसला दुसरा रकाना धरा. पण हे तुमच्या आकड्यांनी निघायला पाहिजे, माझ्या सांगण्यानं नाही.

हे काही मी घरी बसून काढलेलं नाही, अमेरिकेत तर कायद्यातच आहे. तिथला सुरक्षित पेयजल कायदा १९७४ चा, त्यात १९९६ ला दुरुस्ती झाली की नवी मर्यादा आणायची तर आधी खर्च आणि आरोग्याचा फायदा मांडून दाखवायचा. आर्सेनिकचं उदाहरण बघा. लिटरला ५० मायक्रोग्रॅमची जुनी मर्यादा होती. तंत्रानं ३ पर्यंत शक्य होतं, २००० साली प्रस्ताव ५ चा आला, आणि २००१ मध्ये शेवटी १० ठरली, कारण ३ आणि ५ चा खर्च फायद्याच्या मानानं झेपत नव्हता. म्हणजे आकडेमोडीनं मर्यादेचा आकडा खरोखर हलतो. आणि त्याच हिशोबात एक तक्ता होता जो मी प्रत्येक नव्या पोराला दाखवतो. १० ची मर्यादा पाळायला शंभराच्या आतल्या लोकसंख्येच्या योजनेत घरटी वर्षाला सुमारे ३२७ डॉलर, आणि दहा लाखावरच्या शहरात ८६ सेंट. एक डॉलरही नाही. सरासरी काढली तर ३२ डॉलर येते, आणि ती सरासरी ऐकून सगळे म्हणतात परवडतंय. अलीकडं २०२४ ला पीफासचा, म्हणजे सहजी न विघटणाऱ्या रसायनांचा, नियम आला तेव्हाही त्यांच्या हिशोबात खर्च वर्षाला साधारण १.५५ अब्ज डॉलर आणि फायदाही जवळजवळ तेवढाच, काटा कसाबसा फायद्याकडं. त्यावर पुढं भांडणं झाली ती झालीच. पण भांडायला आकडा तरी होता.

तोच तक्ता आपल्याकडं लावा. वरचं आरओचं गणित ९० घरांच्या पाड्याला करून बघा, धडगाव-अक्कलकुव्याकडं असे कितीतरी आहेत. मशीन लहान, ६ लाख धरा, वर्षाचे ८९ हजार. पण ऑपरेटर तेवढाच, ९६ हजार, तो अर्धा माणूस मिळत नाही. तपासणी तेवढीच, २० हजार. वीज २२, मेम्ब्रेन २५ हजार. अडीच लाख, भागिले ९०, घरटी वर्षाला २,८०० रुपये, महिन्याला २३४. तुमच्या ९१ च्या अडीचपट, आणि देणारा तुमच्यापेक्षा गरीब. त्यातून घरं डोंगरावर विखुरलेली, हापशाचं पाणी, वीज गेली की दोन दिवस. म्हणून तुमच्या कागदात तुमच्या गावापुरतं लिहिलं तरी एक ओळ टाका की लहान पाड्यांना वेगळी तरतूद लागेल. मोठ्या गावानं म्हटलं तर ते ऐकलं जातं.

"पैसे सरकार देणार ना, मग आपला काय खर्च?" असंही कोणी म्हणेल. सरकारनं दिले म्हणजे खर्च झाला नाही असं नसतं, फक्त रकाना बदलतो. तीन रकाने आखा, घर, ग्रामपंचायत, सरकार. भांडवल बहुधा सरकारच्या रकान्यात जाईल, थोडं लोकवर्गणीत. चालवणं मात्र ग्रामपंचायतीच्या गळ्यात. वित्त आयोगाच्या पैशात पाण्या-स्वच्छतेचा बंधित, म्हणजे त्याच कामाला वापरायचा, वाटा असतो, पण तुमच्याकडं तो आधीच कशावर जातोय ते ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून काढून घ्या. तो पाण्यावर वळवला तर गटारीचं काम राहील, आणि राहिलेली गटार हीसुद्धा या नियमाची किंमतच.

मी ज्यावर "अवलंबून आहे" म्हणेन ते नायट्रेटचा तुमचा ६२ हा आकडा. एका रिपोर्टचा आहे ना? पावसाआधी आणि पावसानंतर नायट्रेट बदलतं, कपाशी-केळीला युरिया पडल्यावर पहिल्या मोठ्या पावसात चढतं. मी एकाच विहिरीचे ४३ आणि ५८ असे दोन रिपोर्ट बघितलेत. ४५ च्या रेषेजवळचं गाव असेल तर एका नमुन्यावर लाखो रुपयांचा निर्णय घ्यायचा नसतो. तुमचं ६२ रेषेपासून तसं लांब आहे, पण मिसळणीत ६२ च्या जागी ७५ आलं तर अर्ध्या-अर्ध्यात ४७.५ होतं, नापास. मग दुसऱ्या विहिरीचं पाणी जास्त घ्यावं लागेल, आणि ती विहीर तेवढं देते का हा नवा प्रश्न. हिशोब झाला की असा एकेक आकडा हलवून बघा, कुठला हलवला की उत्तर उलटं होतं ते शोधा. तुमच्या बाबतीत मला दोनच दिसतात, दुसऱ्या विहिरीचं नायट्रेट आणि पाणीपट्टीची वसुली. विजेचा दर सातचा नऊ झाला तरी निकाल फारसा बदलत नाही, त्यावर रात्र जागू नका.

कागद कुठं आणि कधी द्यायचा हेही विचारलंय. केंद्रानं २०१४ पासून धोरण ठेवलंय की कायद्याचा किंवा नियमाचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि त्यासोबत ढोबळ आर्थिक परिणामही सांगायचा. मसुदा आलाच तर आधी तो भाग आहे का बघा, आणि नसेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा. कागद दोन पानांचा पुरे, वर तीन रकान्यांचा तक्ता, खाली कुठला आकडा कुठून घेतला.

पण त्याआधी दुसऱ्या विहिरीचा नमुना काढा. पंप दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग भरा, साचलेलं पाणी भरू नका. बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, झाकणावर तारीख आणि विहिरीचं नाव, आणि थर्मासमध्ये बर्फ घालून त्याच दिवशी लॅबला. एक आत्ता आणि एक पोळ्यानंतर. ती विहीर कोणाच्या शेतात आहे आणि तो माणूस उन्हाळ्यात पाणी द्यायला तयार आहे का, हेही त्याच फेरीत विचारून या. रिपोर्ट आला की टाका इथं, मिसळणीचं गणित मी परत मांडून देतो.